माझे वडील मी सतरा जणांना दिले

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक सज्जन गृहस्थ आहेत. फोन करून म्हणाले, "प्रमिलाताई, तुमच्या कामानं तुम्हाला कसं घडवलं, तेवढं लिहून द्या." बाजारातून येताना कोथिंबीर आणा म्हणावं, इतक्या सहज. तीन आठवडे मी लिहितेय आणि खोडतेय. नेमका हाच प्रश्न मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांना विचारला, आणि त्यांना उत्तर सुचलं नाही तेव्हा मीच ते लिहून दिलं. आता स्वतःची पाळी आली तर पेन हलत नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी पासपोर्ट ऑफिसात होते. बंगळुरात बनशंकरीला, बस स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर परदेशी शिक्षणाचं सल्ला केंद्र आहे. शाळेत इंग्रजी शिकवून घसा बसला तेव्हा मी तिथे लागले. बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करताना मार्कांच्या कागदांबरोबर एक पत्र द्यावं लागतं. त्याचं नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज, आम्ही नुसतं 'पर्पज' म्हणायचो. मी कोण, हाच विषय का घेतला, आयुष्यात असं काय घडलं की मी बदललो, हे सगळं दोन पानांत, इंग्रजीत, 'मी, मी' करत लिहायचं. ज्याला कालपर्यंत आई डबा भरून देत होती त्या बावीस वर्षांच्या पोराला हे कुठून सुचणार? मार्क त्याचे, स्वप्न बहुतेक वेळा आईवडिलांचं आणि पर्पज माझा, असा एकूण प्रकार होता.

केंद्राचे मालक गुरुराज. सगळे त्यांना गुरुअण्णा म्हणत. ते कन्नडच बोलत, मी इथे मराठीत घालते. त्यांचं एकच म्हणणं असे, "प्रमिलक्का, फाइलीत एक तरी वळण पाहिजे. सरळ रस्त्यावर कुणी गाडी थांबवून बघत नाही."

वळण काढायची माझी रीत होती. पाऊण तास समोर बसवायचं, कॉफी मागवायची, वही मिटलेली ठेवायची. पहिली दहा मिनिटं मुलं पाठ केलेलं बोलतात. त्यानंतर पाच मिनिटं खोटं बोलतात. मग कंटाळतात. कंटाळली की खिडकीबाहेर बघतात आणि काहीतरी निरुपयोगी बोलून जातात, ते पकडायचं. एक मुलगा असाच म्हणाला की घरचा मिक्सर तो दर महिन्याला उघडून पुन्हा जोडतो, आईला ठाऊक नाही. झालं. त्या मिक्सरवर त्याला मेकॅनिकलची जागा मिळाली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक वडील मुलाच्या शेजारी बसून "आम्हाला लहानपणापासून रोबोटिक्सची आवड" असं सांगत, आणि मुलगा इमानेइतबारे मान डोलावी. मी त्यांना खाली बेकरीत पाठवलं तर दोन मिनिटांत बन घेऊन परत आले. एक शेहेचाळीस वर्षांचे सॉफ्टवेअरवाले गृहस्थ नोकरी सोडून तत्त्वज्ञान शिकायला निघाले होते. मी विचारलं, "का?" ते रडायला लागले. रडून झाल्यावर आभार मानून घरी गेले, अर्ज केलाच नाही. त्यांचं भलं झालं की नुकसान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि काहींकडे काहीच नसे. ही वाईट मुलं नव्हती. सुखात वाढलेली, अभ्यास करणारी, आयुष्यात एकही वळण नसलेली. त्यांच्यासाठी माझी एक वही होती. आम्ही शिवणकाम करणाऱ्यांच्या घरातले, पाच पिढ्या बंगळुरात. शिंप्याच्या घरात कापडाचा तुकडा कधी टाकत नाहीत, कुठेतरी खपतो. तशी ही वही. एकाकडून निघालेली पण त्याच्या पत्रात न बसलेली हकीगत मी तिच्यात उतरवून ठेवायची. पत्राला सरळ उचलता यावी म्हणून 'मी'च्या तोंडीच लिहायची, आणि सांगणाऱ्याचं नाव गाळायची. नाव असलं की देताना मन कचरतं. पुढे ज्याच्याकडे काही नाही त्याला त्यातली जोडून द्यायची.

फसवणूक? हो, होती. पण एक सांगते. एका मुलाला मी गणिताचे एक मास्तर दिले होते, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर फुकट शिकवणारे. असे मास्तर त्याला नव्हतेच. सहा वर्षांनी त्याची मेल आली. मोठ्या कंपनीतलं काम सोडून तो तिकडे शाळेत गणित शिकवतो. लिहिलं होतं, "मॅडम, माझ्या मास्तरांमुळे." मी ती मेल चार वेळा वाचली. त्याला आठवण करून द्यावी की नाही हे कळेना, म्हणून 'अभिनंदन' एवढंच कळवलं.

वहीतली सगळ्यांत जास्त खपलेली गोष्ट माझ्या वडिलांची. अप्पा चिकपेटच्या कापडबाजारात एका शिवणाच्या दुकानात कटर होते. शेवटी शेवटी मोतीबिंदूनं त्यांचे डोळे गेले. पण त्यांनी कात्री सोडली नाही. टेपच्या दर इंचाला दोऱ्याची एकेक गाठ मारून घेतली आणि बोटानं गाठी मोजत माप घेऊ लागले. कापड चिमटीत धरून उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे सांगत. दिसणारे कटर चुकत, अप्पा चुकत नसत. आता मुलांना वडील कसे देणार, त्यांचे वडील तर खाली बेकरीत बसलेले. म्हणून मी अप्पांना आजोबा करत असे. वस्त्रोद्योग शिकायला निघालेल्यांना दिले, यंत्रमानवाचे हात बनवणाऱ्यांना दिले, एकदा हॉटेल मॅनेजमेंटलाही दिले. सतरा जणांना दिले. प्रत्येक वेळी लिहिताना माझा गळा दाटून येई, आणि म्हणूनच ते पत्र चांगलं उतरे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

गेल्या अर्जांच्या हंगामात नवीन नावाचा मुलगा आला. बनशंकरीचाच, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातला. त्याची मोठी बहीण शिल्पा अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडूनच पत्र लिहून घेऊन गेली होती. नवीनला वस्तूंच्या पृष्ठभागाचं शास्त्र शिकायचं होतं, म्हणजे एखादी वस्तू किती गुळगुळीत, किती खरखरीत, ते कसं मोजायचं. परदेशातल्या एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत नेमकी त्याच विषयाची जागा होती आणि वर्षभर त्या जागेसाठी तो झुरत होता. पाऊण तासातली पाचच मिनिटं झाली असतील, तो म्हणाला, "अक्का, माझ्या अज्जांचं लिहायचं. त्यांचे डोळे गेले तरी टेपला गाठी मारून…"

मला हसू आलं. मी म्हटलं, "नवीन, ती गोष्ट माझी आहे रे. माझ्या वडिलांची. शिल्पाला मीच दिली होती. तिनं घरी सांगितली असणार आणि तुला वाटलं खरीच आहे."

तो गोंधळला. "पण अक्का, अज्जा घरी आहेत की."

"आजोबा सगळ्यांच्याच घरी असतात," मी म्हटलं, "दुसरं काहीतरी आठव."

तो फार सभ्य मुलगा. "सरी अक्का, बरं" म्हणून उठून गेला. पत्र त्यानं घरी बसून स्वतःच लिहिलं आणि परस्पर पाठवलं. मला ते ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी मृणाल आली. ती नागपूरची, होसकोट्याच्या एका कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग तपासणारी. दिवसभर त्यांच्यावरून मापयंत्र आणि बोट फिरवायचं. तिलाही तोच विषय, तेच विद्यापीठ, तीच प्रयोगशाळा. पाऊण तास संपला तरी ती खिडकीबाहेर बघेना.

"मॅम, खरं सांगू का? मला त्या विषयाबद्दल तसं काही वाटूनच नाही राहिलं," ती म्हणाली. "सगळे विचारतात, तुझं पॅशन काय. माझं पॅशन नाही आहे. मला फक्त इथून जायचंय, मग समजेल काय ते."

असं खरं बोलणारं माणूस एकोणीस वर्षांत तीन-चारदाच भेटलं. आणि मी काय केलं? नवीनमुळे ती गोष्ट डोक्यात ताजी होती, विषयाला तर मापाची बसत होती. मी तिला अप्पा दिले.

मार्चमध्ये दोघांनाही जागा मिळाल्याची पत्रं आली आणि आठ दिवसांत दोन्ही अडकली. एका जागेवर दोघांना घ्यायचं त्या प्राध्यापकांनी ठरवलं होतं, म्हणून दोघांचे कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले. दोन्हींत तोच आंधळा शिंपी, तोच टेप, त्याच गाठी. विद्यापीठानं दोघांना आणि मृणालचा अर्ज पाठवणाऱ्या आमच्या केंद्राला विचारलं होतं: ही हकीगत कोणाची? दहा दिवसांत खुलासा आला नाही तर दोन्ही प्रवेश रद्द.

गुरुअण्णांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "लिहू की योगायोग आहे. हिंदुस्थानात शिंपी काय कमी आहेत?"

मी म्हटलं, "टेपला गाठी मारणारे दोन नसतात, गुरुअण्णा. एकच होते आणि ते माझे वडील."

नवीन आणि मृणालला बोलावलं. मी सगळं माझ्या अंगावर घेतलं. आवाज चढवून, जरा तोऱ्यातच म्हटलं की ही माझ्या वडिलांची गोष्ट आहे, चूक माझी आहे, आणि तसं मी विद्यापीठाला कळवणार. खरेपणाचं भरतं आलं होतं मला. त्यानं दोघांचीही जागा जाणार होती हे कळत होतं, पण निदान एकदा तरी खरं लिहून सुटू, असं वाटत होतं. मृणाल खाली मान घालून बसली.

"अक्का, तुम्ही असं लिहिलं तर मी खोटा ठरतो," नवीन म्हणाला. "माझ्याकडं दुसरी काही गोष्ट नाही. तीच आहे. तुम्ही एकदा घरी चला की. अज्जांना बघा."

मी गेले नाही. मला राग आला होता, खोटं सांगत नाही. माझे वडील माझ्याच तोंडावर आपले म्हणून सांगतोय! त्याऐवजी पुरावा आणायला मी देवनहळ्ळीला गेले. तिथे माझा मोठा भाऊ दत्ताअण्णा राहतो. विमानतळाची बस पकडून, मध्ये उतरून, पूर्वी जिथे द्राक्षांचे मळे होते तिथल्या प्लॉटांमधून विचारत विचारत त्याच्या घरी पोचले. म्हटलं, "अप्पांचा टेप दे."

टेप त्याच्याकडे होता. देव्हाऱ्याखालच्या खणात कात्रीबरोबर गुंडाळून ठेवलेला. मी उलगडला. पहिल्या इंचापासून साठाव्यापर्यंत बोट फिरवलं. पुन्हा उलट फिरवलं. गाठ नव्हती. साधा, पिवळा पडलेला, गुळगुळीत टेप.

"हा दुसरा असेल," मी म्हटलं.

"एकच होता."

"डोळे गेल्यावर त्यांनी गाठी मारल्या होत्या."

दत्ताअण्णानं टेप माझ्या हातातून घेतला. "काय म्हणून सांगतीस, पमा? अप्पांच्या डोळ्यांना काय झालं होतं? शेवटच्या दिवशी सकाळी चष्म्याशिवाय पेपर वाचला की त्यांनी." मग म्हणाला, "तुला कसं ठाऊक असणार म्हणा. ती तीन वर्षं तू घरी आलीसच कुठं?"

ही तीन वर्षं मी कुणाच्याही पत्रात घातलेली नाहीत, म्हणून इथे सांगते. मी चोवीस वर्षांची असताना मला बघायला पाहुणे आले. आमच्याकडे तेव्हा रीत होती, मुलीच्या हातचं काम मांडून ठेवायचं. अप्पांनी भरतकामाचा एक सुंदर टेबलक्लॉथ पसरला होता आणि पाहुण्यांना सांगत होते, "सगळं आमच्या प्रमिलानं केलेलं." मला सुईत दोरा धड ओवता येत नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा मी केलेला नाही, दुकानातल्या कारागिराचा आहे." पाहुणे चहा न पिता उठले. अप्पा माझ्याशी बोलायचे थांबले. मी खरं बोलले होते म्हणून मीही माघार घेतली नाही, म्हैसूरला शाळेत नोकरी धरली. तीन वर्षांनी दत्ताअण्णाची तार आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माझे वडील मला माहीतच नव्हते. शेवटची तीन वर्षं कोरी होती आणि तिथे कधीतरी मी दुसऱ्याचा माणूस आणून बसवला. घरी आले, जुन्या वह्या काढल्या. शिल्पाच्या वर्षाची वही सापडली. माझ्याच अक्षरात, 'मी'च्या तोंडी लिहिलं होतं: माझे आजोबा शिवणकाम करायचे, त्यांचे डोळे गेले. म्हणजे मी अप्पांना कधी आजोबा केलंच नव्हतं. आजोबांनाच वडील केलं होतं. ती हकीगत शिल्पानं सांगितलेली; तिच्या पत्रात ती बसली नव्हती, तिनं बहुधा दुसरं काही निवडलं असेल, आणि तुकडा माझ्याकडे उरला. वर नाव नाही, अक्षर माझं, मजकूर 'मी'चा. दहा वेळा लिहिल्यावर तो माझा झाला. मला त्या दिवशी जी शरम वाटली तशी आयुष्यात वाटली नव्हती. आणि शरमेपेक्षाही जास्त, पोरकं वाटलं. नसलेल्या माणसासाठी सतरा वेळा माझा गळा दाटून आला होता. ते दाटून येणं खरं होतं की नाही? मला खरंच सांगता येत नाही.

मृणालला फोन केला. तिला सांगितलं की खरं लिहिलं तर नवीनची जागा वाचेल, तुझी वाचणार नाही.

"लिहा ना मॅम," ती म्हणाली. "ते माझे नव्हतेच. पण एक सांगू? मुलाखतीत त्या प्रोफेसरनी आजोबांबद्दल विचारलं ना, तर मला खरंच रडू आलं. मी नाटक नाही करून राहिली होती. हे कसं काय झालं, तुम्हाला समजतं का?"

मी म्हटलं, "नाही गं."

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. एकोणीस वर्षांत स्वतःच्या नावानं लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र. त्याला वळण नव्हतं. गोष्ट नवीनच्या आजोबांची, मी ती वापरली, मृणालला दिली, वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे, एवढंच. गुरुअण्णांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "केंद्राचं काय?" म्हणाले. संध्याकाळी त्यांनीच ते पाठवलं. त्या महिनाअखेर मी काम सोडलं. आता तिथे एक संगणकाचा प्रोग्राम पर्पज लिहितो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी मोठी वही आहे म्हणे.

नवीनची जागा त्याला परत मिळाली. मृणालची गेली. नंतर तिनं नवं पत्र स्वतः लिहिलं आणि मला वाचायला पाठवलं. त्यात होतं, मी रोज लोखंडावरून बोट फिरवते, मला ते आवडतं की नाही ते कळत नाही, ते कळून घ्यायला मला थोडं लांब जाऊन शिकायचं आहे. माझे हात नुसते शिवशिवत होते. एक आजी, एखादा पडका पूल, काहीतरी घालावंसं वाटत होतं. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि परत पाठवलं. दोन ठिकाणांहून नकार आला आहे, तिसऱ्याचं उत्तर यायचं आहे.

नवीन जाण्याआधी त्याच्या आजोबांची माफी मागायला जायचं होतं. तोच मला घ्यायला आला. रिक्षात मी त्याला सगळं सांगून टाकलं, गुळगुळीत टेप, टेबलक्लॉथ, तीन वर्षं, सगळं. तो फक्त "हो अक्का, हो अक्का" करत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, "स्वल्प बसा, अज्जांना सांगून येतो," आणि आत गेला. बराच वेळ आतून दोघांचा हलका आवाज येत होता. मग मला बोलावलं.

खिडकीपाशी खुर्चीत एक किडकिडीत म्हातारा बसला होता. गळ्यात टेप. दर इंचाला गाठ. मी इतक्यांदा लिहिलेला माणूस समोर होता. मी वाकले तसा माझा पदर त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो चिमटीत धरला.

"सूत चांगलं आहे. काठ रेशमाचा म्हणून घेतलीस काय?"

"हो."

"नाही आहे." ते हसले. "मला तू खूप पोरांना दिलंस म्हणे. पास झाली काय सगळी?"

"बहुतेक झाली."

"मग बरंच झालं की. मी शिवलेले सगळे शर्ट तरी कुठे अंगाला बसले." मी माफीचं जे ठरवून गेले होते ते तोंडातच राहिलं. त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं गाठींवरून फिरत होती. "तुझा बाप कोण?"

"विठ्ठलराव. चिकपेटला कटर होते."

बोटं थांबली. "उजवा खांदा उतरलेला. अर्धा इंच. कात्रीनं होतो तो. माझ्याकडं शर्ट शिवायला आला होता एकदा. कटरला स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही की. म्हणाला, लेकीनं चारचौघांत मला खोटं पाडलं. घरात बोलत नाही मी तिच्याशी. पण काय उभी होती म्हणून सांगू, मान ताठ करून."

मी नवीनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

हे काम मी एकोणीस वर्षं केलं आहे. समोरच्याकडे काही नाही असं दिसलं की हळूच एक माणूस पुढे करायचा, त्याला एखादी अर्ध्या इंचाची खूण द्यायची म्हणजे खरा वाटतो, आणि शेवटी एक वाक्य असं ठेवायचं की गळा दाटेल. मला त्या गोष्टीची शिवण न् शिवण दिसत होती. आणि तरी ती खरीही असू शकत होती. चिकपेट काही फार मोठं नाही, आणि तेव्हाचे शिंपी एकमेकांकडेच कपडे शिवत. नंतर दत्ताअण्णाला फोन करून विचारलं, अप्पांचा खांदा उतरलेला होता का? "असेल," म्हणाला, "शर्टात कुठं दिसतंय?"

पण हे नंतरचं. तिथे, त्या खोलीत, म्हातारा माझा पदर चिमटीत धरून बसला होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"आणखी काय म्हणाले ते?" मी विचारलं.